सळ्या वर हव्यात

सकाळपासून तिचे तीनदा कपडे बदलून झाले होते आणि घड्याळ आपलं पळतच होतं.

"लग्नाला निघालीस की कामाला?" ताईने दारातून विचारलं.

"तेच तर कळत नाहीये गं!"

खरंच कळत नव्हतं. इमारतीच्या कामावर इंजिनियर म्हणून तिला आठ महिने झाले होते. शर्ट-पँट घातली की मुकादम म्हणायचा, "पोरासारखं काय राहायचं?" फुलाफुलांचा ड्रेस घातला त्या दिवशी सिमेंटच्या ट्रकवाल्याने तिलाच विचारलं, "बाई, इंजिनियर कुठायत?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी ताईने स्वतःचा राखाडी कोट तिच्या अंगावर चढवला. "जा आता. बघ कसे ऐकतात ते."

ऐकतायत डोंबलाचे! ती चौथ्या मजल्यावर पोचली तर मुकादमाने आधी खुर्ची मागवली, वर फडक्याने पुसली. "बसा मॅडम, धूळ फार आहे."

बसतेय कोण? पंपाच्या पाइपातून स्लॅबचं काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती आणि माणसं बाल्कनीच्या सळ्यांवरून खुशाल ये-जा करत होती. बाल्कनीला खालून आधार नसतो, तिचा सगळा भार वरच्या अंगाच्या सळ्या पेलतात. त्या पायांखाली दबून पार तळाला गेल्या होत्या. तसंच काँक्रीट पडलं तर आज काहीच दिसणार नाही. चार वर्षांनी कुणीतरी कपडे वाळत घालायला बाहेर येईल आणि बाल्कनीसकट खाली जाईल.

"पंप थांबवा. सळ्या वर उचलून घ्या."

"हो मॅडम," मुकादम म्हणाला आणि पंपवाल्याला 'चालू दे' अशी खूण केली.

"थांबवा म्हटलं ना!"

"साहेबांना येऊ द्या की. ते सांगतील तसं करू."

साहेब दुपारी येणार. तोवर सगळं घट्ट होऊन बसलं असतं. ती ओरडली, तर दोघंतिघं फिदीफिदी हसले. तिने नकाशा उलगडला, तर मुकादम तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला, जसा काही खरा बोलणारा माणूस मागून येतोय. पाइपचं तोंड सरकत सरकत बाल्कनीपाशी आलं.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. तरातरा गेली, सळ्यांच्या जाळीत उतरली आणि पाइपसमोर उभी राहिली.

"ओता आता!"

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. "थांबव रे, थांबव! कोट खराब होईल ना मॅडमचा!"

पंप थांबला.

तासभर तिने एकेक सळी स्वतः मोजून वर घेतली. बाल्कनी वाचली होती, तिला आनंद व्हायला हवा होता. पण रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप. आठ महिने घसा फोडून जे जमलं नाही, ते ताईच्या कोटाने केलं होतं.

दुपारी साहेब आले. "सकाळी कसली गडबड झाली म्हणे?"

"काही नाही साहेब," मुकादम म्हणाला, "मॅडमच्या कोटावर काँक्रीट पडत होतं. मी वेळेवर थांबवलं."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि तिच्याकडे वळून विचारलं, "आभार मानलेत ना त्यांचे?"