लुक्यानच्या खोलीची लाइन

“आणि लुक्यानच्या खोलीतला हीटर?” मोत्र्याकाकूंनी विचारलं.

मी पेन्सिल कानावर खोचली. विहिरीचा पंप, फ्रीज, गीझर, ओव्हन, सगळंच त्यांना बॅटरीवर हवं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून वीज दिवसातून जेमतेम काही तास येते. ती आली रे आली की आमच्या चेर्निहिव्हकडची माणसं घरातली सगळी बटणं एकदम दाबतात, आणि इन्व्हर्टर घेतला तरी ही खोड जात नाही. मग बॅटरी बसली की बोलणी मला. नवरा आघाडीवर गेल्यापासून त्याचा इन्व्हर्टर बसवण्याचा धंदा मी सांभाळते, आणि तोंडही त्याच्यापेक्षा जास्त चालवते.

“काकू, हीटर बॅटरीला गटागटा पिऊन टाकतो,” मी म्हणाले. “त्या एका खोलीपायी बॅटऱ्या दुप्पट घ्याव्या लागतील. चूल आहे की घरात!”

“चुलीची ऊब त्या टोकाला पोचत नाही. आणि तो अचानक आला तर? गारठ्यात झोपेल?”

लुक्यान त्यांचा एकुलता एक. आघाडीवरून बेपत्ता झाला त्याला हा दुसरा हिवाळा. मेला असंही कुणी सांगत नाही, आहे असंही नाही.

“रिकाम्या खोलीला कसली ऊब?” हाव्रिलोकाका खिडकीबाहेर बघतच म्हणाले. “वगळ तो हीटर, पोरी. एकदाचं संपव ते.”

“तुम्हाला संपवायचीच घाई!” काकूंनी बोर्श सुपाच्या पातेल्यात डाव आपटला. “बाप आहात की कोण?”

रागच आला मला काकांचा. पण हिशोब त्यांच्या बाजूने होता. मी हीटर बॅटरीवरून वगळला. बाहेरची वीज असेल तेव्हाच तो चालणार. मग स्विचच्या बॉक्सवर नावांच्या पट्ट्या चिकटवल्या. शेवटच्या स्विचची जागा रिकामी राहिली. काकू तिच्याकडेच बघत होत्या.

“तो आला की मी स्वतः येऊन जोडून देईन,” मी म्हणाले.

“आला की,” त्या म्हणाल्या.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि काकूंचा फोन आला. “अगं यारिना, तुझी बॅटरी दुपारीच मान टाकते! पंप बंद, पाणी नाही. कसला माल गळ्यात मारलास?”

“गीझर आणि ओव्हन एकदम लावला असणार तुम्ही.”

“देवाशप्पथ नाही!”

मी गेले. काकू खरं बोलत होत्या. वीज गेलेली, घरात फ्रीजशिवाय काही चालू नाही, तरी इन्व्हर्टरवर भलामोठा भार दिसत होता. एकेक स्विच पाडत शोधलं. फ्रीजच्या मागून एक एक्स्टेंशनची वायर निघाली होती आणि सतरंजीखालून थेट टोकाच्या बंद दाराकडे गेली होती.

“काकू,” मी हळूच म्हणाले, “हे तुम्हीच केलंत ना?”

“मी? अगं, त्या खोलीत पाय ठेवायचा धीर होत नाही मला आता.”

मी दार ढकललं. आत छान उबदार होतं. हाव्रिलोकाका लुक्यानच्या खाटेवर बसून त्याच्या बुटांना चरबी चोळत होते. आम्हाला बघताच त्यांनी हातातला बूट पाठीमागे लपवला, लहान मुलासारखा.

“पाईप गोठतात,” ते म्हणाले.

त्या खोलीत एकही पाईप नाही. काकूंनी वायरकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आता काही या माणसाची धडगत नाही, असं मला वाटलं.

“गोठतातच,” काकू म्हणाल्या. “दर हिवाळ्यात गोठतात. यारिना, गीझर काढ बॅटरीवरून. ओव्हनही काढ. आम्हा म्हाताऱ्यांचं काय, पाणी चुलीवर तापेल, पावही तिथेच भाजू. ही खोली बॅटरीवर घे.”

हिशोब कसाबसा बसला, तोही हीटर मंद ठेवून. मी वायर जोडत असताना काका टॉर्च धरून उभे होते. उजेड सारखा हलत होता.

“काका, नीट धरा की!” मी डाफरले. खरं तर मलाच डोळ्यांतल्या पाण्याने दिसत नव्हतं.

काम झालं. शेवटच्या जागेसाठी मी एक पट्टी कापली.

“काय लिहू? पाईप?”

काकांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतली.

“लुक्यान लिही,” ते म्हणाले.