कामाशिवाय उताणं ठेवू नये

मित्रांनो, मी एक जुना पेपरवेट आहे. पितळेचा, कासवाच्या आकाराचा, आणि वयाच्या मानाने बराच चकचकीत. कागद उडू नयेत म्हणून माझा जन्म झाला. पण माझं निम्मं आयुष्य पाठीवर पडून, चारही पाय वर करून गेलं, आणि कागद खुशाल उडत राहिले.

ज्या कारागिराने मला घडवलं तो हौशी होता. पाठीवरचा एकेक खवला त्याने कोरून काढला, शेपटीलासुद्धा पॉलिश केलं. पोट मात्र खडबडीतच सोडलं. शेजारी बसलेला त्याचा भाऊ म्हणाला, "अरे, खालूनपण घास की जरा." तर हा म्हणतो, "पोट कोण बघायला बसलंय?" पुढे आयुष्यभर लोकांनी माझं पोटच पाहिलं. नशिबाच्या अशा चेष्टेला साहित्यात मोठा मान असतो, हे मला नंतर बाईंकडून कळलं.

बाई कॉलेजात साहित्य शिकवायच्या. त्यांचे यजमान वजनमापे तपासनीस होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या लेखी किलो म्हणजे किलो आणि हो म्हणजे हो. बाई मात्र सरळ वाक्य फक्त आजारपणात बोलायच्या, आणि तब्येत ठणठणीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तपासनिसांनी त्यांना स्वयंपाकघरात ठेवायचा तराजू भेट दिला.

"वा!" बाई म्हणाल्या. "अगदी हेच हवं होतं मला. पुढच्या वर्षी आणखी एक आणा."

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक आणला.

"अहो, हे काय?"

"अगं, तूच म्हणालीस."

"म्हणाले. पण तसं म्हणाले का?"

"मग कसं म्हणालीस?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर मी निवांत बसलो होतो. त्यांनी मला उचललं आणि टेबलावर दाणकन उताणा टाकला. "हे कासव असं दिसलं, की मी बोलते त्याच्या उलट समजायचं. आलं लक्षात?"

तपासनीस वाकून माझं पोट न्याहाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण उलट, की थोडं?"

"पूर्ण!"

तेव्हापासून मी नोकरीला लागलो. बाईंनी काही टोमणा मारायचा ठरवला, की आधी टेबलापर्यंत चालत यायचं, मला उलटवायचं आणि मग बोलायचं. टोमण्याची निम्मी धार त्या चालण्यातच जायची. घरातली भांडणं त्यामुळे फार सभ्य झाली.

एकदा तपासनिसांचे वरिष्ठ घरी आले आणि उठायचं नावच घेईनात. शेवटी बाई टेबलाशी आल्या, माझ्याशी सहज चाळा करावा तसं त्यांनी मला उताणं केलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "इतक्यात निघालात? बसा ना आणखी."

वरिष्ठ खुर्चीत मागे रेलले. "बसतो बसतो. वहिनींचा आग्रह मोडवत नाही."

"नको साहेब," तपासनीस कळकळीने म्हणाले. "बसू नका. कासव उताणं आहे."

वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं, तपासनिसांकडे पाहिलं आणि चपला घातल्या. तपासनिसांची त्या वर्षीची बढती हुकली. बाई आठवडाभर एकट्याच हसत होत्या.

बाई मला पर्समध्ये घालून वर्गातही न्यायच्या. धड्यात एक म्हातारा होता. त्याच्या घराचं छप्पर गळायचं आणि तो म्हणायचा, "केवढी सोय झाली, नळापर्यंत जायला नको." एका मुलाने परीक्षेत लिहिलं, 'लेखकाला गळके छप्पर आवडते.' बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला म्हाताऱ्याच्या वाक्यावर पालथा ठेवून दाखवला, मग उताणा ठेवून दाखवला. मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "आता कळलं, मॅडम. पण पुस्तकात कासव कुठे असतं?"

"पुस्तकात नसतंच," बाई म्हणाल्या. "लेखक ते वाचकाच्या खिशात ठेवून देतो. ज्याने त्याने आपापलं काढायचं."

मित्रांनो, एका पेपरवेटला याहून मोठा सन्मान कोणता मिळणार? मी त्या दिवशी फुगलो असतो, पण पितळेला ती सोय नाही.

या दोघांना एक लेक झाली. तिला माझी गरज कधी पडलीच नाही. "उठा राणीसरकार, सूर्य खोळंबलाय तुमच्यासाठी," असं आई म्हणाली, की पोर तिथल्या तिथे उत्तर द्यायची, "त्याला म्हणावं, बस, चहा पाठवते." तपासनीस घाईघाईने माझ्याकडे बघायचे. मी पालथाच असायचो. "आता हे खरं समजायचं का?" ते विचारायचे, आणि मायलेकी हसून बेजार व्हायच्या.

माझ्यामुळे एकदा अनर्थही झाला. बाईंना बरं नव्हतं म्हणून तपासनिसांनी भाजी केली. बाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, "छान झालीय हो." हे सरळ वाक्य होतं. पण सकाळी टेबल पुसताना कोणीतरी मला उताणा विसरलं होतं. तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं, मुकाट्याने कढई उचलली आणि सगळी भाजी कचऱ्यात टाकली. संध्याकाळपर्यंत दोघंही उपाशी आणि दोघंही रुसलेले. त्यानंतर तपासनिसांनी घरात नियम केला, 'कासव कामाशिवाय उताणं ठेवू नये. दिसल्यास सरळ करावे.' हा नियम त्यांनी स्वतः इतका पाळला, की पुढे पुढे त्यांचा हात आपोआप चालायचा.

लेक मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली. घरात दोघंच उरली. आणि एका सकाळी बाईंना हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली.

तपासनीस सामान ठेवायला खाली गाडीशी गेले होते. बाई एकट्या टेबलापाशी आल्या. भिंतीचा आधार घेत आल्या, पण आल्या. त्यांनी मला उचललं, उताणा ठेवला, माझ्या खडबडीत पोटावर टिचकी मारली आणि निघून गेल्या. थोड्या वेळाने तपासनीस बाईंचा विसरलेला चष्मा न्यायला धावत वर आले. मी उताणा दिसलो. त्यांचा हात आपोआप चालला. मला सरळ करून ते चष्मा घेऊन गेले.

बाई परत आल्या नाहीत.

लेक आली. भेटायला येणाऱ्यांची रीघ हळूहळू थांबली. एका दुपारी तपासनीस माझ्यासमोर बसून लेकीला म्हणाले, "तुझी आई शेवटी काय म्हणाली, सांगू? माझा हात धरला आणि म्हणाली, तुमच्याशी लग्न करून फार पस्तावले हो."

"बाबा, आई चेष्टा करत होती."

"कशावरून?"

"आईच ती."

"तिथे कासव नव्हतं गं," ते म्हणाले. "जाताना माणूस खरंच बोलतं. आजारपणात ती सरळच बोलायची."

लेकीने पुष्कळ समजावलं. पण आयुष्यभर ज्यांनी अंदाजावर एक ग्रॅम सोडला नाही, ते हे वाक्य कसं सोडणार? त्यांचं जेवण कमी झालं. बाईंच्या खुर्चीत ते बसेनासे झाले.

मित्रांनो, बाई वर्गात सांगायच्या, की कधीकधी लेखक एक गोष्ट वाचकाला सांगतो आणि पात्रापासून लपवतो, आणि मग वाचकाचा जीव टांगणीला लागतो. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि समोर बसलेल्या त्या सरळ माणसाला तेवढं माहीत नाही. मला तोंड आहे, पण ते पितळेचं.

मग एक दिवस लेक टेबल पुसू लागली. तिने मला उचललं, पोटावरची धूळ पुसली आणि तसाच उताणा ठेवून पुढे वळली.

"सरळ कर ते," खिडकीजवळून तपासनीस म्हणाले. "कितीदा सांगायचं तुम्हा मायलेकींना? त्या दिवशी हॉस्पिटलला निघताना पण तसंच. चष्मा न्यायला आलो, म्हणून मी तरी सरळ केलं."

लेकीचा हात थांबला. "उताणं होतं?"

"मग सांगतोय काय?"

"कोणी केलं होतं, बाबा?"

"कोणी म्हणजे? मी खाली गाडीशी होतो. घरात तीच तर..."

लेक फडक्याची घडी घालत राहिली. घडी आधीच घातलेली होती.

तपासनिसांनी माझ्याकडे बघत विचारलं, "पूर्ण उलट, की थोडं?"

"पूर्ण, बाबा."

ते उठून टेबलापाशी आले. दोन्ही हातांनी मला उचलून त्यांनी पालथा केला, अगदी मध्यभागी नीट ठेवला. मग बाईंच्या खुर्चीत बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "फार वाईट संसार केला गं तुझ्या आईने."

मित्रांनो, मी सरळच होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. लेक हसली, आणि हसता हसताच रडली.

तेव्हापासून मला काम नाही. मी कागदांवर बसतो आणि कागद आता उडत नाहीत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की घरातल्या वस्तू जरूर पुसा, जागच्या जागी ठेवा. पण एखादं कासव पाय वर करून पडलेलं दिसलं, तर त्याला सरळ करण्याआधी थोडं थांबा. कदाचित कोणी काही बोलून गेलेलं असेल.

आणि पोट पुसायला विसरू नका.