डावा गाल

गवताचं एक पातं. बाकी सगळं धूसर. पातं मात्र इतकं स्वच्छ की त्याच्यावरचं दव मोजावं.

थर्मासचं झाकण ड्रायव्हर लेकिशोनने पुन्हा हरवलं.

सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात. एका गालावरचे दुसऱ्या गालाशी जुळत नाहीत. एका सिंहाचे दुसऱ्या सिंहाशी तर नाहीतच नाहीत.

गुरुवारी ट्रक.

जांभई, पाठ, शेपूट. पाठ. जांभई.

"पाच वाजता, मोठ्या बाभळीखाली. तुझ्यासाठी सभा थांबणार नाही, सिलांतोई." वायरलेसवरचा हा आवाज तोम्पोचा. रेंजरांचा प्रमुख.

हे सगळं ओळीने लावायचं, तर सुरुवात रविवारपासून करावी लागते. रविवारी राखीव रानाच्या कडेला, ओले नाम्पासो नावाच्या म्हाताऱ्याच्या वस्तीत, एक गाय मारली गेली. कुंपणावरच्या कॅमेऱ्यात सिंहीण आली. एकच फोटो, त्यात डावा गाल. या पट्ट्यात सिंहिणी सहा. पाचजणींचे दोन्ही गाल, सिंहांची फोटोंवरून नोंद ठेवणाऱ्या सिलांतोईच्या संग्रहात होते आणि त्या सोमवारीच संशयातून सुटल्या. राहिली नोलारी. गेल्या वर्षी नदीपलीकडून आलेली, झुडपातून बाहेर न पडणारी. तिचा उजवा गाल दोनदा मिळाला होता. डावा एकदाच, आणि त्या डाव्यावर ते गवताचं पातं.

नोलारी नसेल, तर गाय मारणारी कुणी एकटी वाटसरू, गुरुवारचा ट्रक तिच्यासाठी. असेल, तर गुरुवारी तिला बेशुद्ध करून उत्तरेच्या रानात सोडणार. तिचे तीन छावे चार महिन्यांचे. खडकाच्या कपारीतून ते पहिल्यांदा बाहेर आले, तेव्हा सिलांतोई समोर होती. त्यांना शिकार येत नाही. आईशिवाय ते पंधरा दिवस काढणार नाहीत.

आज बुधवार. डावा गाल हवा होता.

सकाळी साडेसहाला वाटेतच ओले नाम्पासो उभा. हातात काठी, खांद्यावर लाल चादर. सिलांतोई गाडीतून उतरली, मान खाली घातली. म्हाताऱ्याने डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आई कशी आहे, पोरी?"

"चांगली आहे, बाबा."

"तिच्या शेळ्या?"

"चांगल्या आहेत."

"तिकडे गवत?"

"चांगलं आहे. तुमची मुलं कशी आहेत, बाबा?"

"मुलं चांगली."

"सुना?"

"सुना चांगल्या."

"गुरं?"

"गुरं चांगली," म्हातारा म्हणाला आणि काठी दुसऱ्या हातात घेतली.

पूर्वेचं सोनं पांढरं पडायला लागलं होतं. आणखी अर्ध्या तासाने नोलारी सावलीत शिरली असती, मग संपलंच.

"बाबा, मला निघायला हवं. उजेड चाललाय."

"निघ. पण बातमी अजून..."

"संध्याकाळी सभेत ऐकते ना."

गाडी सुरू झाल्यावर लेकिशोनने दोनदा आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"बोल," ती म्हणाली.

"काही नाही. मासाई मुलखात म्हाताऱ्याची बातमी अर्ध्यावर टाकून पळालेली पहिली मुलगी माझ्या गाडीत बसलीये, एवढंच. नातवंडांना सांगेन."

"गाय मेलेला माणूस म्हणतो गुरं चांगली. त्यात काय ऐकायचं?"

"चांगलं-चांगलं हे दार असतं, फोटोबाई. घर आत असतं. हे तुला मी सांगायचं?"

तिला ठाऊक होतंच. तिच्या वडिलांच्या मरणाची बातमी तिला अशीच कळली होती, शेळ्या चांगल्या, पाऊस चांगला, यानंतर. पण आज दारात उभं राहायला वेळ नव्हता.

आठ वाजता नोलारी सापडली. डाव्या गालावर झोपलेली.

फ्रेम १: उजवा गाल.

फ्रेम २ ते ६०: उजवा गाल.

"दुसऱ्या बाजूने घे ना गाडी."

"दुसऱ्या बाजूला ओढा आहे. गाडीला पंख लावून दे, घेतो."

दहा वाजले. अकरा. सिलांतोईच्या मानेवर घाम, घामावर माश्या. छावे आईच्या शेपटीला झोंबत होते, एकाने तिचा कान चावला, ती ढिम्म. दूध प्यायला तिघं आले तेव्हा ती कुशीवर वळली. डाव्याच.

"हिला कुणी शिकवलंय," सिलांतोई दातओठ खात म्हणाली.

"वकील केला असेल."

"गप्प बस, लेकिशोन."

साडेबारा. नोलारी उठली. वळली. सिलांतोईचं बोट बटणावर गेलं, आणि मधोमध पर्यटकांची गाडी येऊन उभी राहिली. खिडक्या भरून टोप्या. ड्रायव्हर लेकिशोनच्या मावशीच्या गावचा. त्याने हात उंचावून सगळ्यांची खुशाली विचारली, लेकिशोनने उत्तरं दिली, एकेक करून, सावकाश, सिलांतोईकडे न बघता. गाडी हलली तोवर सिंहीण पुन्हा आडवी. सिलांतोईने कॅमेऱ्याच्या पट्ट्याने स्वतःच्याच गुडघ्यावर फटका मारला.

फ्रेम ६१: टोपी.

चार वाजून दहा मिनिटांनी कुठूनसं रानडुक्कर ओरडलं. नोलारीने मान उचलली, उजवीकडे फिरवली, आणि डावा गाल असा समोर आला, उन्हात, पात्याशिवाय, जणू तिने तो दिवसभर याच वेळेसाठी जपून ठेवला होता. बारा फ्रेम. बाराही स्वच्छ.

मांडीवर कुंपणाचा फोटो. वरच्या ओळीत एकच ठिपका. खालच्या ओळीत पाच. वरचा ठिपका खालच्या तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, चौथ्याकडे जरा कललेला.

तिने पडद्यावर पाहिलं. मांडीवर पाहिलं. पुन्हा पडद्यावर.

"जुळतात?" लेकिशोनने विचारलं.

"नीट दिसत नाहीये."

"मला इथून दिसतंय."

तिचा अंगठा पुसायच्या बटणावर होता. बारा फ्रेम, बारा वेळा दाबायचं. मग सभेत सांगायचं, मिळाला नाही. खोटंही वाटलं नसतं. दिवसभर मिळाला नव्हताच.

"मी समोर बघतोय," लेकिशोन म्हणाला. "रस्ता बघणं माझं काम."

छाव्यांपैकी एक गाडीच्या सावलीपर्यंत आला, चाकाचा वास घेऊन शिंकला.

"चल," ती म्हणाली. "पाच वाजतील."

बाभळीखाली तिने कॅमेरा तोम्पोच्या हातात दिला. तोम्पोने ठिपके मोजले, शेजाऱ्याने मोजले, कॅमेरा सगळ्यांच्या मांडीवरून फिरला. ओले नाम्पासोने तो न बघताच पुढे दिला.

"मला कशाला दाखवता? रविवारी मी पाहिली तिला. मागे तीन पिल्लं होती. ती लेकुरवाळी कुठे राहते ते या पोरीला विचारायचं होतं, म्हणून पहाटेपासून वाटेत उभा होतो."

तीन छावे असलेली सिंहीण या रानात एकच.

सिलांतोईने तोम्पोकडे पाहिलं. "ट्रक थांबव. पिल्लांचेही पिंजरे मागव. चौघं एकत्र जाऊ देत."

"आज दुपारी बारा वाजता निघाला तो नैरोबीहून. बारापर्यंत सांगितलं असतंस, तर पिंजरे चढवले असते. आता परत आठ आठवडे मिळायचा नाही, आणि तेवढे दिवस ही माणसं सिंहिणीला जिवंत ठेवणार नाहीत." तो हे रागाने म्हणत नव्हता, त्याचाच तिला जास्त राग आला. "सकाळी कुणीच काही सांगितलं नाही तुला?"

लेकिशोन बाभळीच्या खोडाकडे बघत होता. ओले नाम्पासोने काठी दुसऱ्या हातात घेतली. पोरीने बातमी अर्ध्यावर सोडली हे चारचौघांत सांगायचं नसतं, एवढी रीत त्याच्याकडे होती.

"नाही," ती म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

पिंजरे किती सांगू, असं तोम्पोने सोमवारी विचारलं होतं, आणि गाय मारणारी नोलारी नव्हेच, कुणी एकटी वाटसरू असणार, म्हणून 'एक' असं उत्तर सिलांतोईने दिलं होतं.