बुडाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी काचेची डिश आहे. चौकोनी, चांगली खोलगट, ओव्हनमध्ये तासभर बसूनही न तडकणारी. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय. तो कुणी उडवला ते मला पक्कं ठाऊक आहे, पण उडवणारीनं कित्येक वर्षं कबूल केलं नाही. तेव्हापासून माझा माणसांवरचा विश्वासच उडाला होता. आता जे सांगणार आहे त्यात माझीच फजिती झाली, तरी सांगते.

कारखान्याच्या भट्टीतून निघाले ती अर्डिसच्या लग्नात भेट म्हणून नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या गावी आले. तिथल्या चर्चच्या बायकांची एक रीत आहे. कुणाकडे मरण झालं, बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, की जेवणवेळेच्या आत दारात भरलेल्या डिशा हजर. बोलवावं लागत नाही. डिशच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. डिश घासून परत द्यायची, आणि जमलं तर रिकामी द्यायची नाही.

अर्डिस माझ्यात खिमा आणि मशरूमचं दाट सूप थापायची, वर बटाट्याचे गोळे ओळीनं मांडायची. ओव्हनचं दार लावण्याआधी माझ्यावर हात धरून म्हणायची, "देवा, खाणाऱ्याला बळ दे." किती घरं मी अशी पाहिली! लोक म्हणायचे, "अर्डिसच्या हाताला काय चव आहे!" मी मात्र मनात म्हणायची, एवढं प्रेम कुणी उगीच वाटतं होय? चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण झालं, की ती आधी माझ्यात डोकावायची आणि मग हळूच व्हर्नाच्या डिशमध्ये. कुणाची आधी संपली, हे बघायला!

व्हर्ना म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. चाळीस वर्षं दर रविवारी दोघी एकाच बाकावर. आणि तरी काय झालं, ऐका. एकदा अर्डिसनं मला घासताना नळावर आपटलं, टवका उडाला. तिच्या नवऱ्यानं, लीलंडनं विचारलं, "हे कसं झालं गं?" तर ही चटकन म्हणाली, "व्हर्नानं धुतली होती ना, तिनंच उडवला असेल." देवाचं नाव घेणाऱ्या तोंडानं! मी बोलू शकत नाही म्हणून, नाहीतर तिथल्या तिथं सांगितलं असतं.

मग एका ऑक्टोबरात व्हर्नाचा नवरा ऑर्लिन गेला. शेतातून आला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. अर्डिस मला घेऊन पहिली धावली. त्या दिवशी तिनं कुणाच्या डिशमध्ये डोकावलं नाही. नुसती व्हर्नाला धरून रडली.

चार दिवसांनी व्हर्नानं मला धुतलं, पालथं घातलं, आणि माझ्या बुडाखाली खरवडायला लागली. खर्रर्र! खर्रर्र! माझ्या पोटाखालचं मला दिसत नाही, पण कळलं. ही नाव काढतेय! कशाला? मला ढापायला, दुसरं काय!

तिनं मला आपल्या घराच्या तळघरातल्या फळीवर नेऊन ठेवलं. तिथं आधीच तेरा डिशा होत्या. एकीच्याही खाली नाव नाही. मी म्हटलं, अगं बाई, हे तर चोरीच्या मालाचं गोदाम!

बर्फ पडलं, नाताळ आला नि गेला. व्हर्ना चर्चला जाईना. जिन्याचं दार उघडं असलं की वरचा फोन ऐकू यायचा. ती उचलायची नाही, मग अर्डिसचा आवाज निरोप नोंदवणाऱ्या यंत्रात बोलायचा. आधी, "व्हर्ना, बाकावर तुझी जागा रिकामी आहे गं." मग, "बरी आहेस ना?" फेब्रुवारीत आवाज बदलला. "आणि हो, ती माझी डिश. सहज आठवली आपली." मी ओळखलं, आता तिलाही संशय आलाय. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी ती दारात. वरून सगळं ऐकू येत होतं.

"डिश न्यायला आले," अर्डिस म्हणाली. "चार महिने झाले, व्हर्ना. नको असलेलं माणूस दिसलं की तोंड चुकवतात, तसं चाललंय तुझं."

"कुठली तुझी, मला माहीत नाही," व्हर्ना म्हणाली.

"माहीत नाही? नाव लिहिलंय मोठ्या अक्षरात!"

"मी काढलं ते."

मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि व्हर्ना रडत बोलायला लागली. "आभाराची पत्रं लिहायची होती. पण ऑर्लिनशिवाय काही सुचेना, नावांची यादीसुद्धा होईना. म्हणून पट्ट्याच काढून इथं दाराला आतून लावल्या. रोज सकाळी कॉफीचा कप काढताना एकेक नाव वाचते आणि देवाला सांगते, हिला सुखी ठेव. त्याशिवाय दिवस सुरू करायचं मन होत नव्हतं गं. मग लक्षात आलं, कुठली डिश कुणाची तेच राहिलं नाही! चौदा डिशा! कुणाची कुणाला देऊ? लाजेनं चर्चला यायचं सोडलं."

"माझं नाव सगळ्यात वर," अर्डिस हळूच म्हणाली.

"तूच पहिली आलीस ना."

आणि मित्रांनो, मी तिला चोर म्हणत होते. फळीवर बसल्या बसल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघी खाली आल्या. अर्डिसनं एकेक डिश हाताळली आणि माझ्या टवक्यावर तिचं बोट थांबलं. मला वाटलं, आताही गप्प बसेल.

"हीच माझी. आणि हा टवका मी उडवला होता. वीस वर्षं तुझ्या नावावर खपवला. आज तर तुला चोर समजून आले होते, व्हर्ना."

व्हर्नानं डोळे पुसले. "टवक्याचं लीलंड मला तेव्हाच बोलला होता."

"मग तू काही म्हणाली का नाहीस?"

"काय म्हणणार? बाकावर तुझ्याशेजारीच बसायचं होतं मला."

अर्डिस मटकन पायरीवर बसली. हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही.

त्या शनिवारी दोघींनी मिळून चौदाही डिशा भरल्या. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरातल्या टेबलावर मांडल्या आणि व्हर्ना सगळ्यांसमोर उभी राहिली. "ज्यांची त्यांनी ओळखून घ्या गं बायांनो, पण खाऊन!" काय तो गलका! दोन डिशांवरून भांडण झालं, आणि एक अजून कुणाचीच नाही.

मित्रांनो, तुमची एखादी वस्तू कुणाकडून परत आली नाही, तर मनात गोदाम रचू नका. दार वाजवा, विचारा. आम्हा भांड्यांना जपून घासा, आणि टवका उडालाच तर आपला म्हणून सांगा.

घरी आल्यावर अर्डिसनं माझ्या बुडाला नवी पट्टी लावली. जुनी व्हर्नाच्या कपाटातच राहू दिली. नवीवर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. पूर्वी मी शंभर शंका काढल्या असत्या. आता काढत नाही.