डीकनची दोन कामं

डीकनची बग्गी अंगणात वळली की लँकेस्टरकडच्या कुठल्याही आमिश घरात हातातली कामं थांबतात. डीकन म्हणजे मंडळीचा, आपल्या चर्चचा, कारभारी; त्याला कामं दोनच. कुणी नियम मोडला तर घरी जाऊन त्याला समज द्यायची, हे एक. कुणा पुरुषाच्या मनात एखादी बाई भरली तर गुपचूप तिच्याकडे जाऊन तिच्या मनाचा अंदाज घ्यायचा, हे दुसरं. दोन्हींना तो त्याच काळ्या कोटात येतो, त्याच लांबलचक चेहऱ्यानं. बरं, आल्या आल्या सांगेल तर शपथ! आधी थंडी, मग गाई, मग कुणाच्या पागोळ्या किती लांब गोठल्या ते. तोवर घरच्यांनी बसायचं जीव मुठीत धरून.

लग्नावाचून सलोमा लॅपची चौतिशी उलटली होती. डीकन तिच्याकडे दुसऱ्या कामासाठी येईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या त्या कडाक्याच्या दुपारी खिडकीतून डीकन बेन्युएल फिशर बग्गीतून उतरताना दिसला, तेव्हा तिला एकच वाटलं, संपलं. कळलं यांना.

कळण्यासारखं होतंच. तिची धाकटी बहीण मलिंडा बाप्तिस्मा घेऊन, सगळ्यांसमोर शब्द देऊन, चार वर्षांपूर्वी नवऱ्यामागोमाग मोटारी वापरू देणाऱ्या दुसऱ्या मंडळीत गेली होती. दोघांना वाळीत टाकलं. वाळीत टाकलेल्याला द्यायला आपल्यात हरकत नाही. त्याला जेवण द्या, आजारपण काढा, छप्पर उडालं तर बांधून द्या. पण त्याच्या पंक्तीला बसायचं नाही आणि त्याच्या हातचं घ्यायचं नाही. आणि मलिंडाचा नवरा सॅम्युएल म्हणजे कोण, तर ह्याच बेन्युएलचं शेंडेफळ. वाळीत टाकल्याचा निरोप घेऊन बापच मुलाच्या दारात उभा राहिला होता. त्या दिवसापासून बेन्युएलच्या तोंडून मुलाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्यापुढे ते घ्यायची कुणाची छाती नव्हती.

मलिंडाला सातवा महिना होता, पाय भोपळ्यासारखे सुजलेले. सलोमा दर शनिवारी सुपाचा डबा घेऊन जायची, ओट्यावर ठेवायची, भांडी घासायची आणि माघारी यायची. इथपर्यंत सगळं नियमात. गेल्या शनिवारी मात्र मलिंडानं तशा पायांवर उभं राहून स्वतः सूप केलं, वाडगा तिच्यासमोर ठेवला आणि बघत राहिली. सलोमा बसली. बसली आणि खाल्लं.

आता चुलीवर म्हाताऱ्या कोंबडीचं सूप रटरटत होतं. आदल्या रात्री भिजवलेला वाळका मका त्यात पडला होता, केशराच्या चार काड्याही. सलोमा परातीत रिव्हल करत होती, म्हणजे पिठात अंडं फोडून बोटांनी चुरायचं, वाटाण्याएवढे गोळे झाले की उकळत्या सुपात सोडायचे. बोटं थरथरत असली की गोळे होत नाहीत, नुसता लगदा होतो. तिचा लगदा होत होता.

शेजारच्या खोलीत डॅट, म्हणजे तिचे वडील, आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नेमकं ऐकू नये ते बरोबर ऐकू यायचं. म्हणून बेन्युएल खुर्ची चुलीजवळ ओढून दबक्या आवाजात बोलू लागला. थंडी झाली, गाई झाल्या, पागोळ्याही झाल्या. सलोमानं त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला. घरी आलेल्याला सूप द्यायचं, मग तो समज द्यायला का आला असेना. त्यानं डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली, दोन चमचे खाल्ले आणि घसा साफ केला.

"त्या घरी तू सूप नेतेस, असं कानावर आलंय."

"नेते," सलोमा म्हणाली. लपवण्यात अर्थ नव्हता.

"नेण्यात वाईट काही नाही. चांगलंच आहे." तो चाचरला. "त्या टेबलापाशी एक जागा रिकामी आहे, सलोमा. तिथं बसावं असं तुझ्या मनात कधी आलं का?"

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. सलोमाला वाटलं, सगळं ठाऊक असूनही हा माणूस तिला स्वतःहून कबूल करायची संधी देतोय. किती भला माणूस! तिनं हात पदराला, म्हणजे एप्रनला, पुसले आणि सांगून टाकलं.

"मनात कसलं येतंय, मी बसलेच. गेल्या शनिवारी. जेवलेसुद्धा."

बेन्युएलच्या भुवया कपाळावर चढल्या. "एलमनं बसवलं तुला?"

"कोण एलम?"

"एलम झूक."

"त्याचा इथं काय संबंध?"

सलोमाच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. एलमची बायको गेल्या वर्षी वारली होती, पदरात तीन पोरं. शेजारच्या बाया पाळीपाळीनं त्यांना जेवण द्यायच्या, बुधवार सलोमाचा. एलम दारात सुपाचा डबा घ्यायचा, मान खाली घालून आभार मानायचा, आणि धाकटी पोर सलोमाचा एप्रन सोडायची नाही. त्या घरचं टेबल! तिथली रिकामी जागा! हा दुसऱ्या कामासाठी आला होता तर. तिच्याकडे. ह्या वयात. तिचे कान आधी तापले, आणि मग आपण आत्ता काय बोलून बसलो ते ध्यानात आलं तशी ती गारच पडली.

बेन्युएलच्याही ध्यानात काहीतरी येत होतं, पण ते येऊ नये म्हणून तो धडपडत होता. "तू एलमकडेच बसली होतीस," तो हळूच म्हणाला. "पोरांनी आग्रह केला असेल. असंच ना?"

हो म्हटलं की झालं. एका 'हो'त घर, संसार, एप्रनला लोंबकळणारी ती पोर, सगळं मिळत होतं. सलोमाला ते हवं होतं, किती हवं होतं ते तिला आत्ता, ह्या क्षणाला कळलं. पण खोटं बोलायची सवय नसली की ते ऐन वेळी जमत नाही.

"नाही," ती म्हणाली. "सॅम्युएलकडे."

चार वर्षांनी ते नाव त्याच्यासमोर कुणीतरी घेतलं होतं. बेन्युएलनं चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. ज्यात ती नुसती हो की नाही म्हणणार होती असं साधं काम घेऊन तो आला होता, आणि आता भलतंच गळ्यात पडलं होतं. आधी कोणतं उरकायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग तिला समजावू लागला, की यातून वाट आहे. येत्या रविवारी मंडळीसमोर गुडघे टेकायचे, चुकले म्हणायचं, पुन्हा असं करणार नाही म्हणून शब्द द्यायचा. थोडे दिवस मान खाली घालावी लागेल, पण मग सगळं धुऊन निघेल. लग्नं काय, आपल्यात ती हिवाळ्यातच होतात, म्हणजे आता पुढच्या. एलम तेवढा थांबेल.

"गुडघे टेकीन," सलोमा म्हणाली. "चुकले म्हणेन. पण पुन्हा बसणार नाही, हे नाही म्हणवणार माझ्याच्यानं. ती वाडगा पुढे ठेवते आणि बघत राहते, बेन्युएल. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही बसला असता."

"मग तुलाही वाळीत टाकावं लागेल."

"ठाऊक आहे."

"निरोप मलाच आणावा लागेल."

"तेही ठाऊक आहे." आता तिला रडू आवरेना. "एलमला सगळं सांगा. त्यानं विचारलं म्हणून मला आनंद झाला, हेही सांगा. तेवढं विसरू नका."

बेन्युएल उठला. आशीर्वाद द्यावा तर कशाचा, रागवावं तर कोणत्या तोंडानं? वाडग्यात अर्धं सूप होतं. ह्या बाईच्या हातचं आज चालतं, रविवारनंतर चालणार नाही. त्यानं उभ्याउभ्याच वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत संपवला. मग दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि तिच्याकडे पाठ करूनच बोलला.

"त्यांच्याकडचं सूप. कसं होतं?"

सलोमाला आधी समजलंच नाही काय विचारतोय ते. मग तिनं खरं तेच सांगितलं. "चांगलं होतं. मीठ जरा कमी होतं."

"त्याला लहानपणापासून कमीच लागतं," बेन्युएल म्हणाला, आणि दार उघडून बर्फात बाहेर पडला.