फाइलचा वरचा काठ

नारायण पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दोन गोष्टींना हात लावायची कुणाची टाप नव्हती. एक अध्यक्षांची खुर्ची आणि दुसरी इतिवृत्ताची वही. अध्यक्ष गोपाळकृष्ण आगाशे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सभेत जे घडलं ते सगळं वहीत यायला हवं आणि न घडलेलं एक अक्षर येता कामा नये, हा त्यांचा दंडक. एकदा अहवालवाचन चालू असताना कुणाला तरी ठसका लागला, तर तोसुद्धा वेळेसकट नोंदवला गेला होता.

अशा माणसाशी उल्काताईंची गाठ होती. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि घरात बसून कंटाळल्यावर त्यांनी मंडळात संगणकाचा वर्ग सुरू केला. गुडघे कुरकुरत असले तरी त्या रोज दोन जिने चढायच्या, कारण वर पोचल्यावर कुणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारायचं. त्या हाकेवर त्यांचा दिवस निघत असे.

त्यांची शिकवायची रीत सरळ होती. पहिले पंधरा दिवस फक्त पत्ते. संगणकात आधीपासूनच पत्त्यांचा खेळ असायचा. माऊसने पत्ता धरायचा, ओढत न्यायचा, योग्य जागी सोडायचा. हात बसला की मग पत्र, फोटो आणि बाकीचं सगळं. यमुनाबाईंनी चाळीस वर्षं खानावळ चालवलेली. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस असा दाबला की तो भाकरीसारखा पसरायचाच बाकी राहिला. आठव्या दिवशी त्यांनी लाल राणी अलगद काळ्या राजावर नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, “बाई, बसली की हो.” महिन्याभरात गोड्या मसाल्याचं प्रमाण त्यांनी स्वतः टाइप केलं.

मग मंडळाचे जुने संगणक एकामागून एक बसले. बुधवार पेठेतून चार नवे आले, पण ते येण्याआधी दुकानदाराला आगाश्यांचं पत्र गेलं होतं. संगणकांतील सर्व खेळ काढून मगच यंत्रे पाठवावीत. खाली सही, शिक्का आणि पोच.

“कपाट विकत घेतलं तर दुकानदार त्यात सोंगट्या ठेवून देतो का?” आगाश्यांनी विचारलं.

“शिलाई मशीन घेतलं की आधी चिंधीवरच हात बसवतात,” उल्काताई म्हणाल्या. “कुणी पहिल्याच दिवशी शालू घेत नाही.”

“इथे शिकायला येतात, पत्ते कुटायला नाही. पत्ते कुटायला पेठेत कट्टे कमी नाहीत.”

विषय संपला. निदान आगाश्यांच्या लेखी तरी संपला.

वर्गात मात्र पत्त्यांच्या जागी आता कोरड्या फाइली आल्या. फाइल ओढायची, फोल्डरमध्ये टाकायची, परत बाहेर काढायची. “काढायचीच होती तर टाकली कशाला?” असं यमुनाबाईंनी विचारलं. हळूहळू कुणाचा गुडघा दुखायला लागला, कुणाकडे सुतार यायला लागला. चौदाजणांचे नऊ झाले. मंडळाचा नियम होता की सोमवारची हजेरी सलग दोन आठवडे दहाच्या आत पडली तर वर्ग बंद आणि खोली योगासनांना. पहिला आठवडा गेलाही होता. वर्ग गेला तर आपल्याला बाई म्हणणारं कुणी उरणार नाही, हे उल्काताईंना स्वच्छ कळत होतं.

त्यांनी शनिवारच्या सभेत विषय घातला. सभा सगळ्यांना खुली असल्यामुळे यमुनाबाईही पुढच्या रांगेत येऊन बसल्या. चिटणीस हेमाताईंनी वही उघडली.

“माऊस शिकायला पत्ते लागत नाहीत,” आगाशे म्हणाले. “हे मी बोलून नाही, करून दाखवतो.”

ते संगणकापुढे बसले. एक फाइल उचलली, फोल्डरमध्ये सोडली. दुसरी, तिसरी. सहाच्या सहा फाइली लोण्यातून सुरी फिरावी तशा गेल्या. सभेने टाळ्या वाजवल्या.

उल्काताईंचं अवसान गळालं. पण दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेला नकाशा एकतीस वर्षं ओळखत आलेले ते डोळे होते. त्यांना काहीतरी खटकलं.

“पुन्हा एकदा दाखवता का?”

आगाश्यांनी खुशीत पुन्हा दाखवलं.

“नवा माणूस फाइल मधोमध धरतो,” उल्काताई म्हणाल्या. “तुम्ही प्रत्येक फाइल वरच्या काठाला धरता. ते का?”

“सवय.”

“कसली? पत्त्यांच्या खेळात एका पत्त्यावर दुसरा असतो. खालच्या पत्त्याचा वरचा काठ तेवढा दिसतो, म्हणून तो तिथे धरावा लागतो. माझ्या वर्गातले सगळे असंच धरतात.”

हेमाताईंनी पेन वर धरून विचारलं, “अध्यक्ष, काय लिहू?”

आगाश्यांनी वहीकडे पाहिलं. खोटं बोलायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण बोललेलं वहीत गेलं असतं.

“लिहा,” ते म्हणाले. “ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा जयसिंग नावाचे क्लार्क पत्ते खेळताना सापडले. त्यांना मी मेमो दिला आणि संगणक माझ्या टेबलावर घेतला. मग जेवणाच्या सुट्टीत मी तो खेळ उघडून पाहिला. काय आहे ते कळावं म्हणून.”

“किती दिवस पाहिलात?” उल्काताईंनी विचारलं.

“अकरा वर्षं.”

“डाव लागायचा का हो?” यमुनाबाईंनी मनापासून विचारलं.

“दिवसाआड.”

हसू फुटलं ते आवरेना. आगाशे मात्र हसले नाहीत. “मेमो मी मागे घेतला नाही,” ते हळूच म्हणाले. “हेही लिहा.”

उल्काताईंना त्यांची दया आली आणि त्याहून जास्त त्यांचा आदर वाटला. त्या एवढंच म्हणाल्या, “खेळ परत घालावेत असा ठराव मी मांडते. अनुमोदन कोण देतंय?”

चार हात वर आले. आगाश्यांनी ते खाली करायची खूण केली. “मी देणार आहे. अध्यक्षांना अनुमोदन देता येत नाही, तेव्हा मी खुर्ची सोडतो.” ते उठून पुढच्या रांगेत यमुनाबाईंशेजारी जाऊन बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा ती खुर्ची सभा चालू असताना रिकामी झाली. हेमाताईंनी वेळ लिहिली, पाच वाजून बेचाळीस मिनिटे.

सोमवारी सकाळी दुकानदार येऊन खेळ घालून गेला. उल्काताईंनी हजेरी घेतली तर जुनेच नऊजण. गेलेल्यांपर्यंत बातमी अजून पोचली नव्हती. त्यांनी आकडा लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात दारात आगाशे उभे राहिले, हातात नवी कोरी वही घेऊन.

“माऊस मला येतो,” ते म्हणाले. “संगणकावर पत्र लिहिता येत नाही. जयसिंगांना एक लिहायचं आहे, बाई.”

उल्काताईंनी हजेरीत दहा लिहिलं आणि त्यांना यमुनाबाईंशेजारचा संगणक दिला.