शेपटीला बांधायचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. रक्तदाब मोजताना तुमच्या दंडाला गुंडाळतात ना, त्याचाच धाकटा भाऊ. मी फक्त उंदराच्या शेपटीला बसतो. आता माझं रबर तडकलंय. पण कॅनडातल्या विनिपेगच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं राबलो.

तिथं एक पद्धत होती. उंदराला हात ओळखीचा हवा, म्हणून प्रत्येकाचे उंदीर ठरलेले. पिंजऱ्यांची डावी मांडणी डोरीनची, उजवी ट्रेव्हरची. डोरीन म्हातारी होत आलेली, उंदीर आधी ओंजळीत धरून बसायची. ट्रेव्हर तरुण, पण तोही मायाळू.

फ्रीसन डॉक्टरांनी दाब उतरवणारं नवं औषध आणलं. एका मांडणीला औषध, दुसरीला नुसतं पाणी. कुठं काय, ते डॉक्टरांनाच ठाऊक. तीन आठवड्यांत डावीकडचा दाब उजवीपेक्षा तीस अंकांनी कमी भरला. औषध डावीकडंच होतं, म्हणून डॉक्टर केक घेऊन आले. माझंही कौतुक झालं. पुढची पायरी माणसं.

मला मात्र चैन नव्हतं. उजवीकडच्या शेपट्या मी बसायच्या आधीच थरथरायच्या. सांगणार कसा? मला तोंड कुठंय?

एका संध्याकाळी मला धुताना डोरीनला माझ्या व्हेल्क्रोत एक केस सापडला. नारिंगी. आमचे उंदीर तर सगळे पांढरे.

"ट्रेव्हर, घरी मांजर आहे का रे तुझ्या?"

"दोन आहेत. का गं, पिल्लू हवंय?"

ती हसली नाही. कोटाच्या बाहीतून डोकावणाऱ्या त्याच्या स्वेटरवर तसलेच केस दिसले तिला, आणि मांजराचा नुसता वास आला तरी उंदीर घाबरतो. मग तशीच डॉक्टरांकडे गेली, म्हणाली, औषध-पाणी तसंच राहू द्या, फक्त आम्हा दोघांच्या मांडण्यांची अदलाबदल करा.

डॉक्टर वैतागले. "डोरीन, हे माणसांना द्यायचंय. आता कुठं शंका काढतेस?"

"माणसांना द्यायचंय म्हणूनच काढतेय, डॉक्टर."

अदलाबदल झाली. आठवड्यात पाणीवाल्यांचा दाब उतरला, औषधवाल्यांचा चढला. औषधानं काहीच केलं नव्हतं.  डॉक्टरांनी स्वतःच काम थांबवल्याचं पत्र लिहिलं. 

मित्रांनो, मी आकडा सांगतो, कारण नाही सांगत. ते मला धरणाऱ्यानं शोधायचं. मुक्या जिवाला हात लावाल तेव्हा आधी बघा, तो तुम्हाला भितोय का. उजवीकडचे चोवीस उंदीर रोज खरंच सांगत होते, आम्ही घाबरलोय म्हणून. आम्ही ते औषधाचं यश म्हणून लिहून घेतलं.